गावाच्या हजेरीपटावर

शाळेचे जुने कपाट उघडले की दोन वह्या हमखास हाती लागतात, जनरल रजिस्टर आणि शेरेबुक. जनरल रजिस्टरात मुलाचे नाव, जन्मतारीख, धर्म, जात, दाखल झाल्याची तारीख आणि शाळा सोडल्याचे कारण. शेरेबुकात तपासणीला आलेल्या साहेबांचे अभिप्राय: पट इतका, हजर इतके, फळा रंगवून घ्यावा, मुतारीची दुरुस्ती करावी. वसईतल्या चर्चच्या मराठी प्राथमिक शाळांचा इतिहास लिहायचा तर अधिकृत साधन बहुतांशी एवढेच. त्यावरून इमारत कधी झाली, अनुदान कधी लागू झाले, मुख्याध्यापक कोण कोण होते हे काढता येते आणि बहुतेक स्मरणिकांतून तेच काढलेले असते. मुले त्या शाळेत सुखात होती का, हे मात्र या वह्या सांगत नाहीत. दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात सगळ्यांचीच वर्तणूक 'चांगली'. इतकी चांगली मुले एकाच तालुक्यात जन्माला आली असतील यावर माझा विश्वास नाही.

एक रकाना मात्र बोलका आहे, शाळा सोडल्याच्या कारणाचा. 'पुढील शिक्षणासाठी', 'स्थलांतर', 'पालकांच्या विनंतीवरून' आणि त्यांच्या अधूनमधून 'सतत गैरहजर'. या दोन शब्दांआड काय काय असू शकते ते प्राथमिक शिक्षकाला सांगावे लागत नाही. घरातले आजारपण, बापाचे पिणे, पाळण्यातल्या भावंडाची राखण, कधी मास्तरांचीच धास्ती. म्हणून या लेखात मी इमारतींच्या कोनशिला बाजूला ठेवल्या आहेत. मूल गैरहजर राहू लागले की ते कुणाच्या लक्षात येत असे आणि लक्षात आल्यावर कोण हलत असे, एवढेच शोधायचे आहे. धर्मग्रामशाळेचे बरेवाईट मला या मापाने मोजावेसे वाटते. पापडी, सांडोर, गिरिज, भुईगाव, निर्मळ, नंदाखाल, आगाशी अशी गावे निराळी, चर्चचे आश्रयदाते संत निराळे. पण शाळांची घडण पुष्कळशी एकाच वळणाची. तेव्हा हा इतिहास कुणा एका शाळेचा नाही, सगळ्यांचा मिळून आहे.

मुळाची हकिकत थोडक्यात सांगतो, कारण ती अनेकदा सांगून झाली आहे. १५३४ सालच्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशाहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. फ्रान्सिस्कन आणि जेझुइट धर्मगुरू आले, किल्ल्यात जेझुइटांचे विद्यालय उभे राहिले. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया जेझुइटांच्याच छायेत वाढले, त्यांच्याबरोबर जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले. १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज गेले, त्यांचे मठ आणि विद्यालये ओस पडली, इथले शेतकरी आणि कोळी ख्रिस्ती आपापल्या गावांत राहिले. त्यानंतरच्या लांबलचक काळात धर्मशिक्षण टिकले ते देशी धर्मगुरूंमुळे आणि घरोघरच्या म्हाताऱ्यांमुळे. मुलांना गोळा करून प्रार्थना पाठ करवून घेणे, जपमाळ म्हणवून घेणे, एवढाच त्याचा विस्तार. त्याला शाळा म्हणता येणार नाही. पण मुलांना रोज एका ठिकाणी जमवण्याची सवय गावाला तिथून लागली असावी, असा माझा तर्क आहे.

शाळा म्हणावी अशी शाळा आली ती इंग्रजी अमदानीत. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदानाची वाट मोकळी करून दिली आणि मिशनच्या शाळांप्रमाणे पुढे धर्मग्रामांच्या शाळाही त्या वाटेने गेल्या. वसईची चर्चे १८८६ पासून दमणच्या धर्मप्रांतात, १९२८ पासून मुंबईच्या आणि २२ मे १९९८ पासून स्वतःच्या वसई धर्मप्रांतात आली. कारभाराची मुख्यालये बदलली, गावातल्या शाळेचा कारभार मात्र फादरच्या बंगल्यातूनच चालत राहिला.

१९१८ साल मला यात फार महत्त्वाचे वाटते, आणि ते एका बँकेमुळे. मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने त्या वर्षी पापडीला कॅथॉलिक लोकांची सहकारी पतसंस्था सुरू झाली, तीच आजची बॅसीन कॅथॉलिक बँक. शाळेच्या इतिहासात बँक कशाला, असे कुणी विचारील. पण वाडीवर कर्ज असले की घरातले प्रत्येक हात कामाला लागतात, सात वर्षांच्या पोराचेसुद्धा. सावकाराचा पाश थोडा सैल झाल्यावर पोराचे हात पाटीपेन्सिलीसाठी मोकळे होतात. एका धर्मगुरूने गावाच्या पैशाची व्यवस्था लावली, त्याचा हिशेब शाळेच्या हजेरीपटातही पाहायला हवा. धर्मगुरू, पतपेढी, शाळा यांची सांगड पुढे वसईचे वैशिष्ट्य ठरली.

शाळेचे आवार कसे असे ते सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. मधे चर्च, बाजूला फादरचा बंगला, समोर दगडी क्रूस, पलीकडे दफनभूमी, कुठे सिस्टरांचे कॉन्व्हेंट, एक विहीर, चिंचेची किंवा आंब्याची झाडे आणि या सगळ्यांत शाळेच्या कौलारू खोल्या. मूल बाप्तिस्म्याला याच आवारात आलेले, आजोबांना पोचवायला याच आवारात आलेले, लग्नाच्या वरातीमागे धावत याच आवारात आलेले. शाळेचा पहिला दिवस म्हणून अंगणवाडीतही न गेलेले ते पोर रडे, पण परक्या जागी आल्यासारखे रडत नसे.

घर आणि शाळा यांच्यात अंतर होते ते बोलीचे. सामवेदी घरांत कादोडी, इतर घरांत वाडवळी, किनाऱ्यावर कोळी बोली. पुस्तकात पुण्याची मराठी. पहिलीतले मूल बाईंच्या तोंडाकडे बघत राही. इथे शिक्षक गावातलाच असण्याचा मोठा फायदा होई. वसईत त्या पिढ्यांमध्ये प्राथमिक शिक्षक होणे ही शिकलेल्या मुलामुलींची नेहमीची वाट होती. गावातली बाई धडा पुस्तकी भाषेत वाचून दाखवी आणि मग घरच्या बोलीत समजावून सांगी. वरून आलेल्या साहेबांना ते पसंत पडत नसे. आज शिक्षणशास्त्राची पुस्तके मातृबोलीतून शिकवण्याबद्दल पानेच्या पाने लिहितात. त्या बाईंना यातले काही ठाऊक नव्हते, मूल गप्प बसले आहे एवढे दिसत होते.

त्या काळी वसईचे घर पहाटे उठे. केळी, विड्याची पाने, फुले, भाजी. बायका पाट्या घेऊन पहाटेच्या गाडीने दादरला जात. आई दादरहून परतेपर्यंत मुलांचे आवरणे आजीकडे किंवा थोरल्या बहिणीकडे. बागेला पाणी लावायचे असले की मुलगे वाडीत. मग पहिल्या तासाला डुलक्या, न झालेला अभ्यास, चिखलाचे पाय. ज्या शिक्षकाच्या स्वतःच्या घरी वाडी होती त्याला या डुलकीचा अर्थ समजत असे. दोन दिवस मूल दिसले नाही की तो संध्याकाळी वाडीच्या कडेने सहज म्हणून त्या घरावरून जाई. त्याच्याही आधी बातमी फादरपर्यंत गेलेली असे, कारण मूल शाळेत नाही म्हणजे धर्मशिक्षणालाही नाही आणि रविवारच्या मिस्सेला मुलांच्या बाकावरही नाही. एकाच मुलाची हजेरी तीन ठिकाणी लागत होती. चौथी हजेरी गावातल्या बायका घेत, विहिरीवर.

सगळे बालपण या जाळ्यात सुरक्षित होते असे चित्र मी रंगवणार नाही. जाळे घट्ट होते म्हणजे त्यात लपायला जागाही नव्हती. ज्या घराची अब्रू गेली त्या घरातले मूल शाळेत त्याच नजरेने पाहिले जाई. बापाच्या दारूची कथा मुलाच्या आधी वर्गात पोचलेली असे. गावकी जवळीक देते, चहाड्याही देते. आणि गावकीबाहेरचे, पाड्यावरचे वारली, कातकरी मूल या ओळखीच्या वर्तुळात आपोआप बसत नव्हते. त्याच्या गैरहजेरीची दखल घ्यायला विहिरीवर कुणी नव्हते.

आता छडीविषयी. स्मरणिकांत छडीला 'शिस्त' म्हणण्याचा प्रघात आहे. माजी विद्यार्थी मनोगतात लिहितात की गुरुजींच्या छडीनेच आम्ही घडलो. जे घडले नाहीत, छडीच्या भीतीने मधूनच निघून गेले, ते मनोगत लिहायला उरलेले नाहीत. त्यांची नोंद 'सतत गैरहजर' या सदरात सापडण्याचा संभव आहे. कॅथॉलिक शिक्षणपरंपरेला या बाबतीत अज्ञानाचीही सबब नव्हती. ट्युरिनचे डॉन बॉस्को यांनी १८७७ सालीच आपली प्रतिबंधक शिक्षणपद्धत लिहून ठेवली होती. विवेक, धर्म आणि वात्सल्य या तीन पायांवर ती उभी. शिक्षकाने मुलांच्यात मिसळावे, मैदानात त्यांच्याबरोबर असावे, म्हणजे शिक्षेची वेळच येत नाही, असा तिचा आशय. डॉन बॉस्कोंचा सण ३१ जानेवारीला साजरा व्हायचा, प्रवचनात त्यांचे गुणगान व्हायचे आणि दुसऱ्या दिवशी टेबलाच्या खणातून छडी निघायची. पालकांचाही तिला पाठिंबा होता. 'मारा, पण शिकवा' हे वाक्य कितीतरी बापांनी मास्तरांना सांगितले आहे.

छडी गेली ती कायद्याने. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंवर बंदी घातली. जुन्या शिक्षकांना सुरुवातीला हातातले शस्त्र काढून घेतल्यासारखे वाटले. काहींनी छडी सोडली आणि टोमणे धरले. मानसिक छळाचा उल्लेख कायद्यात मुद्दाम का केला असेल ते अशा वेळी समजते. पण ज्यांनी खरोखर दुसरी वाट शोधली, त्यांच्या वर्गांत फरक पडला. वर्गाचे नियम मुलांकडूनच लिहून घेणे, भांडलेल्या दोघांना एका बाकावर बसवून आधी त्याची आणि मग हिची बाजू ऐकणे, दंगेखोर पोराकडे कचरापेटीची नव्हे तर घंटेची जबाबदारी देणे, अशा साध्या युक्त्या. घंटा वाजवणारा मुलगा सहसा गैरहजर राहत नाही.

मुलाच्या पोटाची गोष्ट मनाच्या गोष्टीआधी यायला हवी होती. स्वातंत्र्यानंतरच्या दोनतीन दशकांत परदेशी मदतीची दूधपावडर आणि धान्य देशभरच्या शाळांत आणि मिशन केंद्रांत वाटले जाई. त्या दुधाला एक विशिष्ट वास असायचा, तो त्या पिढीतला माणूस अजून विसरलेला नाही. पुढे १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्राची पोषण आहार योजना आली. सुरुवातीला महाराष्ट्रात मुलांना घरी न्यायला महिन्याचे तांदूळ मिळत. २००१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच द्या असा आदेश दिला आणि काही काळाने शाळेच्या आवारात चूल पेटली, खिचडी शिजू लागली.

धर्मग्रामशाळेच्या दृष्टीने खिचडीने एक मोठे काम केले. तोवर मधल्या सुट्टीत डब्यांवरून कळत असे की कोण कुणाच्या घरचे. कुणाच्या डब्यात माशाचे कालवण, कुणाच्या डब्यात कोरडी भाकरी, कुणाचा डबाच नाही. एका रांगेत, एका पातेल्यातले जेवू लागल्यावर ही तपासणी थांबली. सुरुवातीला सुखवस्तू घरांनी नाके मुरडली, आमच्या मुलाला डबा आहे म्हणून. ज्या शाळांत बाई आणि सर स्वतः मुलांच्या पंगतीत बसून तीच खिचडी जेवले, तिथे हा प्रश्न लवकर सुटला. जेवण्यापूर्वी कृतज्ञतेची प्रार्थना आधीपासून होतीच. आणि खिचडी शिजवणाऱ्या ताईंना कुठले मूल आज दोनदा मागते, कुठले ताटात चिवडत बसते, हे हजेरी घेणाऱ्या शिक्षकाआधी कळू लागले. ज्या मुख्याध्यापकांनी या ताईंचे ऐकून घेतले त्यांना मुलांच्या घरची खबर पाचदहा मिनिटांत मिळत गेली. स्मरणिकेत मुख्याध्यापकांची नावे सनावळीसह छापतात; स्वयंपाक करणाऱ्या आणि आवार झाडणाऱ्या बायकांचीही छापावीत, अशी माझी संपादकांना विनंती आहे.

या शाळांचे जग बदलले ते दोन्ही बाजूंनी, बाहेरून आणि आतून. बाहेरून आले शहर. १९८० नंतर रेल्वेच्या दोन्ही अंगांना इमारती उठल्या. वाड्या, पाणी, बावखले म्हणजे गावची जुनी तळी यांवर गदा आली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्या धर्मगुरूंनी हरित वसईची चळवळ उभी केली, लोक रस्त्यावर आले. या चळवळीला माणसे पुरवली त्याच गावांनी, ज्यांनी शाळा पोसल्या होत्या. तरी शहर यायचे ते आले. २००९ साली महानगरपालिका झाली, २०१४ साली ठाण्यातून फुटून पालघर जिल्हा झाला.

आतून बदलले ते अधिक खोल. कॅथॉलिक पालकांनीच आपली मुले इंग्रजी माध्यमात घालायला सुरुवात केली. त्यासाठी दूर जावे लागले नाही. बऱ्याच ठिकाणी इंग्रजी शाळाही चर्चनेच काढली, त्याच आवारात, कधी त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर. नंदाखालच्या मराठी शाळेत शिकलेले दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा वसईला आनंदाचे भरते आले, सत्कार झाले. सत्काराला टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कितीजणांची नातवंडे मराठी शाळेत होती, हा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारला नाही आणि विचारून उपयोगही नव्हता. पालक मुलाच्या पोटापाण्याचा विचार करतात; त्यांना दोष देणे सोपे आहे आणि निरर्थक आहे.

रिकाम्या झालेल्या बाकांवर दुसरी मुले आली. पाड्यांवरची आदिवासी मुले, चाळींत भाड्याने राहणाऱ्या रिक्षावाल्यांची, गवंड्यांची, धुणीभांडी करणाऱ्यांची मुले. मराठवाड्यातली, खानदेशातली, कोकणातली, काही उत्तर प्रदेशातलीसुद्धा. कुठल्याही धर्माची. नाव कॅथॉलिक शाळेचे, व्यवस्थापन चर्चचे, आणि वर्गात ख्रिस्ती मुले मोजकी, अशी स्थिती अनेक ठिकाणी झाली. वर जी तीन ठिकाणची हजेरी सांगितली ती या मुलांना लागूच नव्हती. ती मिस्सेला येत नव्हती, धर्मशिक्षणाला येत नव्हती, त्यांच्या आया गावातल्या विहिरीवर येत नव्हत्या. विहिरीवर आता गावातल्याही कुणी येत नव्हते. मूल चार दिवस आले नाही तर चाळीच्या खोलीला कुलूप दिसे, आणि शेजारी सांगत, गावी गेले.

मला विचाराल तर या शाळांच्या इतिहासाचा महत्त्वाचा भाग इथून सुरू होतो. पूर्वीची आपुलकी गावाने आयती दिलेली होती. आता ती शाळेला स्वतः उभी करावी लागली. काहींना ते जमले, काहींनी फक्त पट टिकवण्यापुरते हातपाय हलवले.

पहिला प्रश्न प्रार्थनेचा होता. राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदाप्रमाणे अनुदानित शाळेत कुणाही मुलाला पालकांच्या संमतीवाचून धर्मशिक्षणाची सक्ती करता येत नाही. त्यामुळे धर्मशिक्षणाच्या तासाला बाकीच्या मुलांसाठी मूल्यशिक्षण हे ठरलेले. पण कागदावर ठरले तरी वर्गात त्याचा अर्थ 'ती आणि आपण' असा होऊ शकतो. शहाण्या मुख्याध्यापकांनी परिपाठाला हात घातला. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष यांच्या जोडीला एक मिनिट शांत बसणे आणि आज कुणासाठी प्रार्थना करायची ते मुलांनी सांगणे. कुणाची आजी आजारी, कुणाच्या बाबांना काम नाही, कुणाची मांजरी हरवली. ज्याने त्याने आपल्या देवाला सांगायचे. या एका मिनिटाने शिक्षकांच्या हाती घराघराची अशी माहिती आली, जी कुठल्याही फॉर्मवर कुणी भरून दिली नसती.

सणांचेही तसेच. नाताळचा गोठा करायला ख्रिस्ती मुले गवत आणत. आता गवत, माती, कागदाच्या मेंढ्या सगळ्याच मुलांकडून येतात, आणि गोठा रचण्यात पाड्यावरच्या मुलांचा हात कोण धरील? उपवासकाळात खाऊचे पैसे वाचवून डब्यात टाकण्याची जुनी रीत होती. काही ठिकाणी त्या डब्याचे पैसे कुठे द्यायचे ते मुलांनीच ठरवावे असा पायंडा पडला, आणि मुलांनी शेजारच्या बाकाकडे बोट दाखवले, याला चपला नाहीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यात शाळेत स्वातंत्र्य आणि प्रेम यांचे वातावरण निर्माण व्हावे असे म्हटले आहे आणि आईबाप हेच मुलाचे पहिले शिक्षक आहेत असेही. चपलांचा ठराव त्या जाहीरनाम्याहून फार लांबचा वाटत नाही.

आईबापांपर्यंत पोचणे मात्र कठीण. शिक्षणहक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत पालकांच्या समित्या आणल्या. सुरुवातीला सह्यांपुरत्या बैठका झाल्या. रोजंदारीवर जाणारी बाई दुपारी तीन वाजता बैठकीला आली तर तिचा दिवस बुडतो, हे लक्षात यायला काही शाळांना वेळ लागला. रविवारी सकाळी किंवा संध्याकाळी सातनंतर बैठका ठेवल्यावर माणसे आली. वडील फार कमी आले. ते अजूनही कमीच येतात. आयांना बोलते करायचे तर 'तुमचा मुलगा अभ्यास करत नाही' या वाक्याने सुरुवात करायची नाही, एवढे शिक्षक शिकले. तो चित्रे छान काढतो, इथून सुरू केले की पुढचे सगळे ती सांगते.

सुरक्षेचा विषय आपल्या समाजात उशिरा बोलला गेला. चर्चमध्येही उशिराच. जगभरच्या कॅथॉलिक संस्थांमधून मुलांवरच्या अत्याचारांच्या ज्या कहाण्या बाहेर आल्या, त्यांमुळे श्रद्धावंतांची मान खाली गेली. २०१४ साली पोप फ्रान्सिस यांनी अल्पवयीनांच्या संरक्षणासाठी आयोग नेमला आणि २०१९ साली प्रत्येक धर्मप्रांतात तक्रार नोंदवण्याची व्यवस्था असलीच पाहिजे असा नियम केला. इकडे देशात २०१२ चा पॉक्सो कायदा आला, राज्यात तक्रारपेट्या आणि २०२२ साली सखी सावित्री समित्या आल्या. बदलापूरच्या शाळेतल्या ऑगस्ट २०२४ मधल्या अत्याचाराच्या घटनेनंतर तपासण्या वाढल्या, कॅमेरे लागले. कॅमेरा व्हरांड्यातले दाखवतो. मुलाच्या तोंडून शब्द फुटायचा तर त्याला एक तरी मोठे माणूस असे हवे, जे ऐकून घेताना दचकणार नाही आणि 'असे बोलू नये' म्हणणार नाही. काही शाळांनी समुपदेशक सिस्टर आठवड्यातून एकदा बोलावण्याची सोय केली, काहींनी दोघातिघी शिक्षिकांना प्रशिक्षणाला पाठवले. चांगला आणि वाईट स्पर्श शिकवताना पहिल्यांदा सगळ्यात अवघडलेले कोण होते, तर शिक्षक. मुले शांतपणे ऐकत होती.

मग आला मार्च २०२०. शाळा बंद झाल्या त्या प्राथमिकच्या मुलांसाठी जवळजवळ पावणेदोन वर्षे; १ डिसेंबर २०२१ ला उघडल्या, जानेवारीत पुन्हा काही दिवस मिटल्या. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' अशी राज्याची मोहीम होती. इंग्रजी शाळेतल्या मुलाच्या घरी लॅपटॉप आला. मराठी शाळेतल्या मुलाच्या घरी असलाच तर एक फोन, तो बापाबरोबर कामावर. पोषण आहाराचे तांदूळ आणि डाळ कोरड्या शिध्याच्या रूपात वाटायचे होते. त्या निमित्ताने पालक शाळेच्या फाटकाशी आले, शिक्षकांनी पिशवीबरोबर स्वाध्यायाचे कागद दिले आणि दोन मीटरवरून विचारपूस केली. जे शिधा न्यायलाही आले नाहीत, त्यांच्यासाठी शिक्षक मुखपट्ट्या बांधून पाड्यांवर आणि चाळींत गेले. काही कुटुंबे कायमची गावी गेली होती. काही घरांतला कर्ता माणूस गेला होता.

शाळा उघडल्यावर दुसरीतल्या मुलांना शाळा म्हणजे काय ते माहीतच नव्हते. पहिली त्यांनी पाहिलीच नव्हती. ती रांगेत उभी राहत नव्हती, एकमेकांना ढकलत होती किंवा एकमेकांपासून दूर कोपऱ्यात बसत होती. अशा वेळी राहिलेला अभ्यास भरून काढण्याची घाई अनेकांनी केली. ज्यांनी पहिले काही आठवडे गाणी, मातीकाम, गोष्टी, मैदान यांतच घालवले, त्यांच्यावर वेळ वाया घालवल्याचा आरोप झाला. माझे मत त्यांच्या बाजूचे आहे. मूल शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टाकून बसायला लागल्याशिवाय त्याला बाराखडी येत नाही, निदान सुखाने येत नाही.

हे सारे चालू असताना डोक्यावर टांगलेला प्रश्न पटसंख्येचा आहे. संच मान्यतेत पट घटला की शिक्षकाचे पद जाते, शिक्षक अतिरिक्त ठरतो, दुसरीकडे समायोजित होतो. ज्या बाईंना चाळीतल्या प्रत्येक खोलीचे कुलूप ओळखीचे झाले होते त्या बाई तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला जातात आणि नव्या शिक्षकाला सगळे पहिल्यापासून. आपुलकी ही माणसांच्या ओळखीवर चालते आणि ओळखीला वर्षे लागतात, हे संच मान्यतेच्या गणितात बसवायचे कसे ते अजून कुणाला सुचलेले नाही. व्यवस्थापनांमध्येही दोन मते आहेत. इंग्रजी शाळेच्या शुल्कावर मराठी शाळेचा खर्च किती दिवस पेलायचा, असे एक मत. गरिबाच्या मुलाला दार बंद करून चर्चच्या नावाची पाटी कशाला ठेवायची, असे दुसरे. धर्मग्राम परिषदेच्या बैठकांत हा वाद होतो आणि व्हायलाही हवा.

पाडव्याच्या सुमाराला 'गुढीपाडवा, पट वाढवा' या सरकारी मोहिमेचे फलक लागतात. वसईच्या मराठी शाळांतले शिक्षक वार्षिक परीक्षेचे पेपर तपासता तपासता उन्हातून चाळी आणि पाडे पालथे घालू लागतात. जूनमध्ये पहिलीत यायच्या वयाची मुले कोणाकडे आहेत त्याची यादी होते. आधार कार्ड नसले तर ते कुठे काढायचे, जन्मदाखला गावाकडे राहिला असेल तर काय करायचे, हे त्याच फेरीत सांगितले जाते. कुणाची मुलगी घरी धाकट्याला सांभाळते, कुणाच्या मुलाला ऐकू कमी येते, कुणाचा बाप अंथरुणाला आहे, हेही त्याच यादीच्या समासात पेन्सिलीने लिहिलेले असते. ही यादी पंचायत समितीत जाताना समास कापला जातो. बाईंच्या पर्समधल्या मूळ कागदावर तो राहतो, आणि जूनमध्ये शाळा उघडली की वर्गात कोण आले नाही ते आधी त्या कागदावर पाहिले जाते.